रियाज सुटला? हात गेलेला नाही!

दहावी आली की घरातल्या तबल्यावर कव्हर चढतं. बारावीपर्यंत ते तसंच राहतं आणि हॉस्टेलवर जायच्या वेळी तबला थेट माळ्यावर. गंमत बघा, वाद्याच्या परीक्षांच्या सर्टिफिकेटवर दहावीला वाढीव गुण आपण हक्काने घेतो आणि ज्याच्यामुळे ते मिळाले त्यालाच रिटायर करतो! पुढे गॅदरिंगला कुणी विचारलं, ‘तू वाजवतोस ना?’ की उत्तर ठरलेलं, ‘वाजवायचो रे, आता हात गेला.’

हात असा जातो का? नाही. जाते ती तयारी. वेग उतरतो, दम कमी पडतो, धिरधिर अडखळायला लागतं. गिटार किंवा सतार वाजवणाऱ्यांच्या बोटांवरचे घट्टे मऊ होतात आणि तार पुन्हा टोचू लागते. पण तीनतालाची सम कुठे येते, खाली कुठे, हे तुम्ही विसरलात का? सी वरून जी कॉर्डला जाताना बोटं साधारण कुठे पडायची, ते आठवतंच ना? सायकलचंही तसंच असतं.

हर्मन एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ साली स्मरणशक्तीवरचे स्वतःवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरं पाठ करायची, विसरायची, पुन्हा पाठ करायची. विसरलेलं दुसऱ्यांदा शिकायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो, हे त्याला दिसलं. म्हणजे पाटी कोरी होत नाही. आणि सगळेच ब्रेक वाईटही नसतात. रात्री न जमलेला तुकडा झोप झाल्यावर सकाळी सहज निघतो, हा अनुभव अनेकांना येतो. झोपेतही मेंदू सराव पक्का करत असतो.

मग घोळ कुठे होतो? परत येण्यात. दोन वर्षांनी कव्हर काढायचं आणि पहिल्याच दिवशी सोडला होता त्याच लयीत कायदा वाजवायला जायचं. तो फसतो. मनगट दुखतं. मग आपणच निकाल लावतो, ‘संपलं आपलं.’ सहा महिने जिम बंद असेल तर पहिल्या दिवशी जुनं वजन उचलता का? मग इथेच एवढी घाई का?

म्हणून परत येताना आधी वाद्य सुरात आणा. पावसाळ्यात पुडी सैल पडते, तारा गंजतात; वाद्याचा दोष स्वतःच्या माथी मारू नका. मग नुसता ठेका, तोही ठाय लयीत. लेहरा किंवा मेट्रोनोम लावून रोज पंधरा मिनिटं. रविवारी एकदम तीन तास बसण्यापेक्षा हे बरं. हॉस्टेलवर वाद्य नसेल तर पढंत करा. लोकलमध्ये, एसटीत बोटांवर मात्रा मोजत बोल म्हणायला कोण अडवतंय?

आणि पुढची परीक्षा येईल तेव्हा रियाज कमी करा, बंद करू नका. पालकांना सांगा, पंधरा मिनिटांनी पर्सेंटाइल घसरत नाही. उलट दिवसभर पुस्तकात खुपसलेलं डोकं जरा मोकळं होतं.

ब्रेक सगळ्यांचाच होतो. तो दोन वर्षांचा ठेवायचा की वीस वर्षांचा, एवढंच आपल्या हातात असतं. आणि तो हात अजून गेलेला नाही.