जुन्या घराची पाटी

नवे घर घेतल्यावर जुन्याचे काय करावे, हा प्रश्न आमच्या पिढीतील मध्यमवर्गीय गृहस्थ स्वतःला सहसा विचारीतच नाही. कारण ‘राहू दे, भाड्याने देऊ, चार पैसे येतील’ हे उत्तर त्याच्यापाशी प्रश्नाच्या आधीच तयार असते. मीही तेच दिले. कोथरूडच्या ज्या सदनिकेत संसाराची बावीस वर्षे गेली ती विकण्याची कल्पना घरात कोणालाच सोसवेना. तेव्हा बाणेरच्या नव्या जागेसाठी साठ लाखांचे कर्ज काढून आम्ही जुन्या घरात भाडेकरू ठेवला. निर्णय भावनेचा होता. त्याला व्यवहाराचे नाव आम्ही मागाहून दिले.

तो व्यवहार कसा होता, ते जमाखर्च मांडल्यावर कळले. जुन्या घराची किंमत सुमारे ९० लाख, भाडे दरमहा २२ हजार. म्हणजे वर्षाचे २ लाख ६४ हजार, किमतीच्या तीन टक्क्यांनाही न पोहोचणारे. त्यातून सोसायटीचे सेवाशुल्क जाते. त्यावर बिनभोगवटा शुल्क जाते (ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपलीकडे नेता येत नाही, हे १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाचे उपकार). आणि मालक स्वतः राहत असल्यास पुणे महापालिका मिळकतकरात देते ती ४० टक्क्यांची सवलतही जाते. रंगरंगोटी आणि एखादा रिकामा महिना वेगळाच. दुसऱ्या बाजूस साडेआठ टक्क्यांनी साठ लाखांवरचे पहिल्या वर्षाचे व्याजच पाच लाखांच्या घरात. म्हणजे जे घर विकून सारे कर्ज फिटले असते, ते दोन लाखांसाठी राखून आम्ही पाच लाख भरीत होतो. घराच्या किमती वाढतात हे खरे. पण वर्षाला तीन लाखांची तूट सोसून त्या वाढीची वाट पाहणे नोकरदाराच्या ऐपतीतले नव्हे.

‘भाडेकरू एकदा बसला की उठत नाही’ या भयाने जुने घर कुलूप लावून ठेवणारेही पुष्कळ आहेत. आमच्या वडिलांच्या काळी हे भय निराधार नव्हते. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने कित्येक जागांची भाडी १९४० च्या पातळीवर गोठविली. पुढे, १ फेब्रुवारी १९७३ रोजी ज्यांचा करार चालू आणि कब्जा कायम होता, ते लिव्ह अँड लायसन्सवाले एका दुरुस्तीने संरक्षित भाडेकरू झाले. परंतु ३१ मार्च २००० पासून अंमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यान्वये मुदत संपल्यावर लायसन्सधारकाने जागा सोडलीच पाहिजे, न सोडल्यास दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. मात्र करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, व ती जबाबदारी मालकाची. कसूर झाल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय वाद उद्भवल्यास, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. ‘अकरा महिन्यांचा केला की नोंदणी लागत नाही’ असे एजंट छातीठोकपणे सांगतात. महाराष्ट्रात ते खोटे आहे.

आमचा करार यथाविधि नोंदला होता. अडचण होती ती दारावरच्या पितळी पाटीची. लातूरकडचा तो तरुण पहिल्याच आठवड्यात म्हणाला, “काका, तुमची पाटी काढून ठेवू का? कुरिअरवाला गोंधळतो.” “राहू द्या हो,” मी म्हणालो, “घर तुमचंच आहे.” पुढच्याच महिन्यात गळका नळ पाहण्याच्या मिषाने मी तेथे गेलो, आणि आमच्या देवघराच्या कोनाड्यात चपलांचे कपाट पाहून माझा पारा चढला. जिना उतरताना मात्र ध्यानात आले, की जो दरमहा २२ हजार मोजतो, कोनाडा त्याचा. पाटी काढवत नाही त्याने घर भाड्याने देऊ नये, असे माझे मत तेव्हा बनले.

मग सल्लागाराकडे गेलो, तेव्हा आणखी एक गोष्ट कळली, जी आधी कळावयास हवी होती. जुन्या घराच्या विक्रीतील भांडवली नफ्यावरचा कर नव्या घराच्या खरेदीपोटी वाचतो. परंतु नवे घर आधी घेतले असेल, तर जुने त्यानंतर वर्षाच्या आत विकले गेले पाहिजे. वर्ष उलटले की ती खरेदी त्या सवलतीच्या कामी येत नाही. ‘पाहू पुढे’ म्हणणाऱ्यांना हा विलंब भाड्यापेक्षा महाग पडतो.

आमच्या मुदतीचे चार महिने उरले आहेत. गेल्या रविवारी स्क्रूड्रायव्हर घेऊन गेलो आणि पाटी माझ्या हाताने काढली. घर विक्रीला काढले आहे, आणि पहिली विचारणा त्या भाडेकरूकडेच केली आहे.