हातोड्याआधी एक हिवाळा

बफेलोत जुनं घर घेतलेल्या मराठी कुटुंबाचा पहिल्या हिवाळ्यातला फोटो बहुतेक एकाच साच्याचा असतो. शंभरेक वर्षांचं लाकडी घर, छपरावर फूटभर बर्फ आणि वळचणीला ओळीने लोंबणारे हातभर लांबीचे बर्फाचे सुळे. पुण्या-नाशिकच्या फॅमिली ग्रुपवर त्याखाली बदामांची रांग लागते. त्या गल्लीत जन्म काढलेला शेजारी मात्र तेच सुळे पाहून मान हलवतो. सुळे लोंबतात याचा अर्थ घरातली ऊब माळ्यावरून बाहेर पळते आहे. गॅसचं बिल चढणार आणि पाठोपाठ छपरातून पाणीही उतरणार.

ईरी सरोवराच्या पूर्व टोकाला वसलेल्या न्यूयॉर्क राज्यातल्या या शहरात वर्षाला सरासरी आठ फुटांच्या आसपास बर्फ पडतो. नोव्हेंबरात थंडगार वारा सरोवराच्या अजून कोमट असलेल्या पाण्यावरून येतो, वाटेत वाफ उचलतो आणि किनारा गाठल्यावर ती एका अरुंद पट्ट्यात बर्फ होऊन कोसळते. त्यामुळे एक उपनगर गळ्यापर्यंत गाडलेलं आणि काही मैलांवर लख्ख ऊन, असा चमत्कार इथे नवा नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये दक्षिणेकडच्या उपनगरांत काही दिवसांत सात फुटांच्या आसपास बर्फ साचला. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथेच पुन्हा सहा फुटांहून अधिक पडला. त्यानंतर महिन्याभरात, ऐन नाताळात आलेल्या हिमवादळाने बफेलो आणि परिसरात चाळीसहून अधिक बळी घेतले. त्यांतले काही गोठलेल्या घरांत सापडले.

घरंही तशीच, वेगळ्या काळातली. नायगाराच्या धबधब्यावर तयार झालेली वीज १८९६ मध्ये इथे पोहोचली, १९०१ मध्ये पॅन-अमेरिकन प्रदर्शन भरलं, तो या शहराचा भरभराटीचा काळ. आज उभी असलेली निम्म्याहून अधिक घरं १९४०च्या आधीची आहेत. मग कारखाने गेले, माणसं गेली. १९५० मध्ये पाच लाख ऐंशी हजारांवर असलेली लोकसंख्या २०१० मध्ये दोन लाख एकसष्ट हजारांवर आली. घरं मात्र राहिली, आणि बोस्टन-न्यूयॉर्कच्या मानाने स्वस्त राहिली. विद्यापीठात, रुग्णालयांत, बँकांच्या तंत्रज्ञान विभागांत नोकरीला आलेल्या भारतीयांना ती परवडतात. ओकची जमीन, रंगीत काचांच्या खिडक्या, समोर पडवी असं सगळं पाहून माणूस हरखतो. आता तर २०२४ आणि २०२५ अशी दोन वर्षं ‘झिलो’ या संकेतस्थळाने बफेलोला अमेरिकेतली सर्वांत जोरात चालणारी घरांची बाजारपेठ ठरवलं. बोलीच्या चढाओढीत ग्राहक तपासनिसाकडून पाहणी करून घेण्याची अटही सोडून देतात. यापेक्षा महाग पडणारी काटकसर शोधून सापडायची नाही.

विकणाऱ्यांना कायद्याचीही बरीच वर्षं साथ होती. घरातले दोष लेखी कळवण्याऐवजी ग्राहकाला पाचशे डॉलर सोडले की विकणारा मोकळा, अशी पळवाट न्यूयॉर्क राज्यात होती. मार्च २०२४ पासून ती बंद झाली. झाली हे उत्तमच. तरी विकणाऱ्याला माहीत नसलेलं त्या कागदावर येत नाही, आणि जुन्या घरात असं पुष्कळ असतं.

किल्ली हातात आली की पहिला घाव बसतो स्वयंपाकघरावर. याचं पाप दूरचित्रवाणीवरच्या घरसजावटीच्या कार्यक्रमांच्या माथी मारायला हरकत नाही. पहिल्या दहा मिनिटांत कुणीतरी हसत हसत भिंतीवर घण घालतं आणि शेवटच्या दहा मिनिटांत पांढऱ्या दगडी ओट्यावर लिंबांची टोपली दिसते. मधला हिवाळा कधीच दाखवत नाहीत. या स्तंभाचं म्हणणं नेमकं उलट आहे: एक पूर्ण हिवाळा त्या घरात आहे तसं राहावं आणि मगच हातोडा उचलावा. जीवघेणं काही असेल तर ते अर्थात लगेच. बाकी सगळं थांबू शकतं. घराचं कुठे दुखतं ते बर्फ फुकटात दाखवून देतो.

दाखवतो तो असा. बर्फ पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी रस्त्यापलीकडे उभं राहून आपलं छप्पर पाहावं. शेजारची छपरं पांढरीशुभ्र आणि आपल्या छपरावर मध्येच काळा डाग पडला असेल, तर त्याच्या खाली ऊब गळते आहे. मग माळ्यावर चढावं. छपराच्या फळ्यांतून आत आलेल्या खिळ्यांची टोकं पांढरी झालेली दिसली, तर न्हाणीघरातली, स्वयंपाकघरातली दमट हवा फटींतून वर येऊन तिथे गोठते आहे. वसंतात ती वितळून छताच्या गिलाव्यावर उतरते आणि मालक म्हणतो, छप्पर गळतंय. छप्पर शाबूत असतं.

वळचणीच्या सुळ्यांचं गणितही तेच. माळा तापला की छपराला चिकटलेला बर्फाचा थर खालून वितळतो. ते पाणी उतारावरून कडेपर्यंत येतं. कड घराच्या भिंतीबाहेर असल्याने थंडच असते, तिथे ते पुन्हा गोठतं आणि बर्फाचा बांध तयार होतो. मागून येणारं पाणी त्या बांधामागे तुंबतं, छपराच्या तुकड्यांखाली शिरतं आणि भिंतीतून झिरपतं. यावर मालक काय करतो? छपरावर गरम होणाऱ्या तारा टाकतो किंवा सगळं छप्परच नवं करतो. रोग माळ्याच्या जमिनीत आहे. दिव्यांच्या, पाइपांच्या, चिमणीच्या भोवतीच्या फटी आधी बुजवायच्या आणि मग वर उष्णतारोधक साहित्याचा जाड थर घालायचा. अमेरिकेचं ऊर्जा खातं थंड प्रदेशांतल्या माळ्यांसाठी जो थर सुचवतं, तो कागदाच्या लगद्याचा घातला तर सव्वा-दीड फूट जाड भरतो. फटी न बुजवता नुसता थर ओतणारे कंत्राटदार पुष्कळ भेटतात. त्यांना नारळ द्यावा.

फटी सापडतात कशा? दारात मोठा पंखा घट्ट बसवतात, घरातली हवा बाहेर ओढतात आणि धुराची कांडी घेऊन फिरतात. जिथे धूर वाकडा होतो तिथे भोक. जुन्या लाकडी घरांत या चाचणीने थक्क करणाऱ्या गोष्टी निघतात, कारण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून कित्येक दशकं इथे ‘बलून फ्रेम’ पद्धतीने घरं बांधली. भिंतीतले खांब पायापासून थेट छपरापर्यंत अखंड, मधल्या पोकळ्या तळघरापासून माळ्यापर्यंत उघड्या. गरम हवा वर निसटते तशी तळघराच्या फटींतून गार हवा आत ओढली जाते. मालक दिवाणखान्यात शेगडी लावून बसतो, आणि वारा येत असतो तळघरातून. आग लागली तर तीही त्याच वाटेने वर धावते.

मात्र माळा म्हटल्यावर लगेच थर ओतायला धावण्यातही धोका आहे. इथे क्रम चुकला तर जिवावर बेततं. साधारण १९४० पर्यंतच्या घरांत वीज चिनी मातीच्या गोट्यांवरून आणि नळ्यांतून खेळवलेल्या सुट्या तारांनी नेलेली असते. त्यात अर्थिंग नसतं. या तारा मोकळ्या हवेत थंड राहतात. त्यांच्यावर उबेचा थर अंथरला की त्यांची उष्णता कोंडते. म्हणून तारा आधी बदलायच्या, थर नंतर. विमा कंपन्याही अशा तारा असलेल्या घराला सहजासहजी उभं करत नाहीत. दुसरी भानगड म्हणजे माळ्यावर आधीच पसरलेले करडे-सोनेरी, हलके खडे. हे व्हर्मिक्युलाइट. अमेरिकेत विकलेलं बरंचसं मोंटानातल्या लिबी गावच्या खाणीतलं होतं आणि त्या खाणीत ॲसबेस्टॉस मिसळलेलं होतं. १९९० मध्ये खाण बंद झाली, माळ्यावरचे खडे राहिले. त्यांना झाडू लावायचा नाही, पोत्यात भरायचे नाहीत. परवानाधारक माणसाला बोलवायचं.

तिसरं शिसं. घरगुती रंगातल्या शिशावर अमेरिकेने १९७८ मध्ये बंदी घातली. त्याआधीच्या घरात शिसं आहे असंच धरून चालावं. जुन्या खिडक्या वरखाली सरकताना रंग घासला जाऊन त्याची पूड चौकटीत साचते आणि रांगणाऱ्या मुलाच्या हाताला लागते. २०१० पासून अशा घरांत रंगाला धक्का लावणाऱ्या कंत्राटदाराने प्रमाणपत्र घेणं आणि धूळ आवरणं सक्तीचं आहे. पण मालक स्वतःच्या राहत्या घरात स्वतः काम करत असेल तर हा नियम त्याला लागू होत नाही. म्हणजे ‘सुट्टीत आपणच घासू, पैसे वाचतील’ म्हणणारा हौशी बापच पोराच्या सर्वांत जवळ शिशाची धूळ उडवतो. लहान मूल घरात असताना कोरड्या कागदाने जुना रंग घासणं हा शुद्ध अविचार आहे.

इतकं भेडसावल्यावर जुन्या घराची बाजूही मांडली पाहिजे. सगळंच जुनं काढून टाकायच्या लायकीचं नसतं, आणि नवा मालक नेमकं चांगलं तेच आधी फेकतो.

रेडिएटर पाहा. बिडाचे हे अवजड पिंजरे अमेरिकेत घराघरांत नेणाऱ्या अमेरिकन रेडिएटर कंपनीत १८९२ मध्ये जे कारखाने एकत्र आले, त्यांतला एक बफेलोचाच. त्या काळी मोकळ्या हवेचा आग्रह होता, १९१८ च्या फ्लूच्या साथीने तो आणखी वाढला. खिडक्या उघड्या ठेवूनही खोली गरम राहील अशा मापाच्या यंत्रणा तेव्हा अनेक ठिकाणी बसवल्या गेल्या. अशा घरात पहिल्या थंडीत रात्री दोन वाजता पाइपांत ठणाठण घण वाजू लागतात आणि मालक सगळी यंत्रणा उपटून नवी भट्टी बसवण्याच्या चौकशा करतो. एकाच पाइपातून वाफ जाणाऱ्या आणि पाणी परतणाऱ्या यंत्रणेत रेडिएटरचा उतार झडपेकडे असावा लागतो. शंभर वर्षांत जमीन थोडी खचते, उतार उलटा होतो, पाणी अडतं आणि येणारी वाफ त्याला हाणते. पलीकडच्या पायांखाली लाकडाची पाचर सरकवली आणि झडप पूर्ण उघडी ठेवली की बहुतेक वेळा आवाज थांबतो. अर्धवट उघडलेली झडप हेही ठणठणाटाचं कारण असतं. पाचरेला खर्च नाही म्हणूनच बहुधा ती कुणी सुचवत नाही.

खिडक्यांचं तेच. शंभर वर्षांपूर्वीच्या चौकटींचं लाकूड संथ वाढलेल्या जुन्या झाडांचं, घट्ट रेषांचं असतं. आजच्या बाजारात ते मिळत नाही. चौकटीच्या पोटात दोरीला बांधलेली बिडाची वजनं असतात. दोरी तुटली की खिडकी वर राहत नाही आणि विक्रेता सांगतो, खिडक्या गेल्या, प्लॅस्टिकच्या घ्या. दोरी बदलायला एक दुपार पुरते. काचेभोवतीची लांबी नवी भरावी, बाहेरून जोडखिडकी लावावी. अमेरिकेतल्या ‘नॅशनल ट्रस्ट फॉर हिस्टॉरिक प्रिझर्व्हेशन’च्या २०१२ च्या अभ्यासात असं आढळलं, की अशा दुरुस्तीने जुनी खिडकी नव्या चांगल्या खिडकीच्या जवळपास ऊब राखते आणि खर्च कितीतरी कमी येतो. दुहेरी काचेच्या नव्या खिडकीची सीलबंदी गेली की मध्ये धुकं साठतं आणि अख्खी काच बदलावी लागते. तरीही गल्लीगल्लीत पांढऱ्या प्लॅस्टिकच्या खिडक्या वाढत आहेत.

कोकणात पावसाळ्याआधी कौलं चाळून शाकारणी करायची, लाकूडफाटा आत घ्यायचा, बेगमी भरायची ही रीत मोडली तर जून सोडत नाही. बफेलोचा ऑक्टोबर तसाच आहे. पन्हळीतली पानं काढणं, बागेच्या नळाचा पाइप आतून बंद करून रिकामा करणं, बाहेरच्या भिंतीलगतचे पाण्याचे पाइप गुंडाळणं. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं आणि गोठलेला भाग व बंद नळ यांच्यामध्ये कोंडलेल्या पाण्याचा दाब पाइप फाडतो. म्हणून कडाक्याच्या रात्री नळ बारीक धारेने चालू ठेवायचा आणि सिंकखालच्या कपाटाची दारं उघडी टाकायची. नव्या भट्टीचं धुराडं भिंतीतून कमरेइतक्या उंचीवर बाहेर निघालेलं असेल, तर बर्फ पडत असतानाच ते मोकळं करत राहायचं. ते बुजलं तर कार्बन मोनॉक्साइड घरात भरतो, आणि त्याला वास नसतो.

उबेविना घराचं काय होतं याचं उदाहरण याच शहरात आहे. फ्रँक लॉइड राइटने १९०३ ते १९०५ च्या दरम्यान डार्विन मार्टिन या उद्योजकासाठी बांधलेलं घर अमेरिकी वास्तुकलेतलं नावाजलेलं काम. मार्टिन १९३५ मध्ये वारले, कुटुंबाने १९३७ मध्ये घर सोडलं आणि पुढची सतराएक वर्षं ते रिकामं राहिलं. नासधूस झाली, पडझड झाली. पुढे १९६२ मध्ये त्याची काचघरासह काही बांधकामं पाडून तिथे फ्लॅट उभे राहिले. ती पाडलेली बांधकामं पुन्हा जशीच्या तशी उभारून घर सावरायला १९९० च्या दशकापासून पुढची पंचवीसएक वर्षं आणि कोट्यवधी डॉलर लागले. साध्या मालकाकडे यातलं काहीच नसतं. त्यामुळे हिवाळ्यात महिनाभर भारतात जायचं म्हणून हीटर बंद करून जाणाऱ्यांनी हा विचार सोडावा. पारा थोडा खाली आणा, पाण्याची मुख्य चावी बंद करा आणि शेजाऱ्याकडे किल्ली द्या.

इथे घरं पाहायला सगळे मे-जूनमध्ये निघतात, लायलॅक फुललेला असताना. जमलं तर तुम्ही फेब्रुवारीत पाहा, छपरावर बर्फ असताना. आणि सही करण्याआधी घरमालकाकडून मागच्या दोन हिवाळ्यांची गॅसची बिलं मागून घ्या. द्यायला का-कू केली, तर दुसरं घर बघा.