पोशाख पाश्चात्त्य, आक्षेप मात्र निवडीवर

टोकियोच्या हाराजुकू-शिबुया भागातले रंगवलेले केस आणि मेकअप करणारे मुलगे पाहिले की, पाश्चात्त्यांच्या नादाने जपानी स्त्री-पुरुषांची जुनी घडी मोडली, असा सूर लागतो. इतिहास त्याला दुजोरा देत नाही. पाश्चात्त्य पेहराव जपानमध्ये आणला तो खुद्द सरकारने. १८७१ मध्ये मेइजी सरकारने पुरुषांना पारंपरिक शेंडी उतरवण्याची मुभा दिली, १८७३ मध्ये सम्राटानेही केस कापले. मधल्याच वर्षी टोकियोत बायकांना केस आखूड कापायला मनाई झाली. पुरुषाचे केस कापणे ही सुधारणा ठरली आणि बाईचे केस कापणे हा गुन्हा!

१९२०च्या दशकात टोकियोच्या गिंझा भागात बॉबकट आणि फ्रॉकमध्ये वावरणाऱ्या ‘मोगा’ म्हणजे आधुनिक मुलींवर टीकेची झोड उठली. यांतल्या अनेक जणी टायपिस्ट होत्या, दुकानांत नोकरी करत होत्या, स्वतःच्या कमाईतून खर्च करत होत्या. त्याच सुमारास मुलींच्या शाळांनी ब्रिटिश नौदलाच्या धर्तीचा खलाशी गणवेश स्वीकारला, आणि आज तो अस्सल जपानी मानला जातो. दोन्ही पोशाख परदेशीच. पण गणवेश शाळेने ठरवला होता, फ्रॉक मुलीने स्वतः निवडला होता. खरा राग या निवडीवर होता, असे माझे ठाम मत आहे. २०१९ मध्ये अभिनेत्री-लेखिका युमी इशिकावा यांनी नोकरीतल्या उंच टाचांच्या सक्तीविरुद्ध मोहीम उघडली, तेव्हा तर चित्र पुरते उलटले. टाचांचे बूट पाश्चात्त्य, ते नाकारणाऱ्या बायका जपानी. तरीही कामगारमंत्र्यांनी बाजू घेतली ती टाचांच्या रिवाजाची.

कपड्यांनी समाज बदलत नाही, फॅशन हा निव्वळ बाजार आहे, हा आक्षेप मात्र वजनदार आहे. उदाहरणार्थ, लग्नानंतर जोडप्याने एकच आडनाव लावावे, असा जपानचा कायदा आहे आणि नव्वद टक्क्यांहून अधिक वेळा आडनाव बदलते ते बायकोचे. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ आणि २०२१ मध्ये हा कायदा वैध ठरवला. केस रंगवून तो बदलणार नाही, हे खरेच. पण टाचांची सक्ती जपान एअरलाइन्सने २०२० मध्ये सोडली, आणि केस काळेच हवेत हा नियम टोकियोच्या सरकारी उच्च माध्यमिक शाळांनी २०२२ मध्ये काढला. अंगावर काय घालायचे याचा हक्क मागणाऱ्या पिढीने संस्थांना नमवले आहे. आता आडनावाचा निर्णयही जपानी संसदेने त्या-त्या जोडप्यावर सोडावा.