छोटी लाईन छोटी करताना



ग्वाल्हेरच्या छोट्या लाईनचा फोटो कोणी टाकला की "काय दिवस होते!" असं सगळे लिहितात. मला त्याच्यापुढचं थोडं बोलायचंय.

बँकेतून निवृत्त झाल्यावर मी या गाडीचं मॉडेल करायला घेतलं. ग्वाल्हेर ते श्योपूर कलां, सुमारे २०० किलोमीटर, रुळांमधलं अंतर ६१० मिलिमीटर, म्हणजे दोन फूट. बाजारात तयार मिळतो तो बहुतेक माल १:८७ किंवा १:१६० या प्रमाणातला. १:१६० चे रूळ ९ मिमी रुंद असतात. त्यांच्यावर १:८७ चा डबा ठेवला तर ९ गुणिले ८७, ७८३ मिमी. ही आमची गाडी नव्हेच! बडोदेकरांनो, तुमच्या डभोईच्या ७६२ ला हे जवळपास बसतं, तुमचं बरं आहे. आम्ही १:६४ घ्यायचं. ९ गुणिले ६४, ५७६. चौतीसची तूट राहते. बँकेत एका पैशाची चालली नसती, इथे चालवून घेतो.

पण या १:६४ मध्ये आपल्या कामाचं काही मिळत नाही. अमेरिकेत शौकीन आहेत, पण त्यांचे रूळ २२.५ मिमीचे. इंजिनाचा सांगाडा आणि मोटर १:१६० मधली घ्यायची, वरचं सगळं प्लास्टिकच्या पत्र्यातून कापायचं. तयार रुळांचे स्लीपर फार जवळजवळ असतात, ते एकाआड एक कापून काढावे लागतात. फाटकाशी उभ्या करायला मुलांच्या खेळण्यातल्या धातूच्या मोटारी साधारण मापात येतात. ट्रक मात्र घेऊ नये, पाकिटात मावावा म्हणून तो आखडलेला असतो.

आमचे एक स्नेही म्हणतात, "अहो भाऊसाहेब, १:८७ घ्या ना, कोणाला कळतंय?" मला हे पटत नाही. या गाडीची सगळी गंमत अरुंद रुळांवरून दोन्ही बाजूंना बाहेर आलेल्या डब्यात आहे. तेच गेलं तर उरलं काय? जयविलासच्या टेबलावरच्या चांदीच्या गाडीची गोष्ट वेगळी, तिला पाहुण्यांपुढे ब्रँडी आणि सिगार फिरवायचे होते.

आणि मुख्य म्हणजे, तयार माल घेतला की मापं दुसऱ्या कोणीतरी घेतलेली असतात. इथे आपल्यालाच घ्यावी लागतात. भिंड आणि शिवपुरीचे फाटे आधीच गेले. श्योपूरची गाडी २०२० मध्ये थांबली ती थांबलीच, आता ब्रॉडगेजचं काम चालू आहे. जुनं उखडलं की मापायला काय राहणार? फोटोत माप नसतं. म्हणून ज्यांचं जौरा, कैलारस, सबलगढकडे जाणं-येणं आहे त्यांनी जे उभं असेल त्याच्याशी टेप धरावा. फलाटाची उंची, खिडकीची रुंदी, डबा दिसला तर दाराची उंची. फोटो समोरून काढा, तिरका नको, आणि शेजारी फूटपट्टी किंवा माणूस उभा करा.

एरवी माझं काम चालू आहे. टपावर बसलेल्या माणसांशिवाय आपली गाडी कोणी ओळखणार नाही. साडेपाच फुटी माणूस या मापात २६ मिमी होतो. मातीची करतोय, बारा झाली, पन्नास तरी लागतील.