नखाएवढ्या पतंगाचें नांव

आफ्रिकेच्या रानांत नखाएवढा एक पतंग नव्यानें सांपडला, त्याच्या पंखांवरील ठिपके मोजून कोणा पंडितानें त्यास लॅटिन नांव दिलें, असें वृत्त वाचून आमचे कित्येक कास्तकार बंधु हंसतात. पंडितांस दुसरा उद्योग नाहीं, असें त्यांस वाटतें. आम्हांस तसें वाटत नाहीं. आणि त्याचें कारण आफ्रिकेंत नसून जऊळक्याच्या पऱ्हाटींत आहे.

शेंदरी बोंडअळीचा पतंग असाच क्षुद्र दिसतो. रंग करडा-तपकिरी, पंख पसरले तर जेमतेम पाऊण इंच. १८४२ सालीं भडोचकडे कपाशीची नासाडी करणाऱ्या या किड्याचे नमुने विलायतेस गेले व १८४३ सालीं सॉन्डर्स नामक कीटकशास्त्रज्ञानें त्याचें वर्णन छापिलें. तेव्हां दिलेलें 'गॉसिपिएला', म्हणजे कपाशीची, हें नांव आजही कायम आहे. पुढें १९०६-०७ च्या सुमारास हाच किडा आपल्या देशांतून सरकीबरोबर इजिप्तमध्यें गेला व तेथून १९११ सालीं मेक्सिकोस पोंचला. म्हणजे या बाबतींत आफ्रिकेनें आपणांस पतंग दिला नाहीं, आपणच तो आफ्रिकेस दिला! तेथली अळी ती हीच, हें ठरवितां आलें तें जुनें वर्णन हाताशीं होतें म्हणून.

आपल्याकडे मात्र ठिपक्यांची, अमेरिकन आणि शेंदरी अशा तीन निराळ्या किड्यांस सरसकट 'बोंडअळी' म्हणण्याची चाल आहे. हा केवळ शब्दांचा घोळ असता तर आम्ही लेखणी उचलली नसती. अमेरिकन अळी अर्धें अंग बाहेर ठेवून बोंड खाते. तिच्यावर फवारा पडूं शकतो. शेंदरी अळी अंड्यांतून निघाल्यावर लवकरच बोंडांत शिरते, मागें छिद्र बुजून जातें, आणि ती आंत बसून सरकी खाते. बोंड बाहेरून टवटवीत. फुटलें म्हणजे हातीं कवडी. अशा अळीवर वरून कितीही औषध ओतलें तरी पैसा मातींत जातो.

२००२ सालीं बीटी कपाशीस परवानगी मिळाली, २००६ सालीं दोन जनुकांचें वाण आलें, आणि 'बोंडअळी गेली' असें लोक बोलूं लागले. कोणती गेली, हें फारसें कोणी विचारलें नाहीं. अमेरिकन अळी बहुतांशीं आटोक्यांत राहिली. शेंदरी अळी दोन्ही विषांस सरावली, व २०१७ च्या हंगामांत तिनें विदर्भांतील कपाशी पोखरली. त्याच हंगामांत यवतमाळ जिल्ह्यांत फवारणीची विषबाधा होऊन शेतकरी व मजूर दगावले. त्या अनर्थास अनेक कारणें होतीं, सारा दोष किड्याच्या नांवावर टाकणें बरोबर होणार नाहीं. पण कोणासाठीं फवारतों हें ठाऊक नसतां पंप पाठीस लावणें आम्हांस धोक्याचें वाटतें.

ओळख पटली म्हणजे उपायही तिच्याजोगा करतां येतो. शेंदरी अळीच्या कामगंध सापळ्यांत तिचेच नर येतात. सतत तीन रात्रीं दर सापळ्यास आठ पतंग पडले म्हणजे उपाय योजण्याची वेळ आली. डोमकळ्या दिसतांच तोडून नष्ट कराव्या. हंगामाच्या अखेरीस ही अळी दोन सरक्या जोडून त्यांत निजते, म्हणून फरदड ठेवणें हें तिला घर बांधून देण्यासारखें आहे. फरदडीच्या दोन वेचण्यांचा मोह आम्हांस ठाऊक आहे, हातघाईच्या वर्षीं तो आवरणें सोपें नसतें. तरी तिचें भाडें पुढल्या सालीं शेजाऱ्यासही भरावें लागतें.

२०१८ सालीं कर्नाटकांत मक्यावर दिसलेली अळी आपली जुनी लष्करी अळी नसून अमेरिकेंतली निराळी जात आहे, हें तिकडील कीटकशास्त्रज्ञांनीं पारखून सांगितलें. पण पारखणाऱ्याकडे नमुना पोंचविणें हें काम शेतांत राबणाऱ्याचें आहे. जऊळका व आसपासच्या गांवांतील कास्तकारांनीं अनोळखी किडा दिसतांच तो चिरडूं नये. बाटलींत घालून तिच्यावर तारीख, पीक व शिवाराचें नांव लिहावें, आणि अकोल्याच्या कृषि विद्यापीठाकडे धाडावा. अळी असल्यास ती बोंडासकट द्यावी, म्हणजे पतंग बाहेर पडेपर्यंत तेथें ती पोसतां येईल.