घोळक्याबाहेर उभा राहणारा

अकरावीत माझ्या बाकावर एक ख्रिस्ती मुलगा बसत असे. त्याचे नाव येथे लिहीत नाही, कारण त्याला ते आवडणार नाही. तो आमच्या टीमचा सर्वांत वेगवान बोलर. रविवारी सकाळी मात्र तो मैदानावर येत नसे, त्या वेळी घरच्यांबरोबर प्रार्थनेला जाई. "मॅच दुपारी ठेवा, मी येतो," एवढेच त्याचे म्हणणे. आम्ही एकदा शेवटची मॅच मुद्दाम सकाळीच ठेवली. तो आला नाही आणि आम्ही हरलो. दुसऱ्या दिवसापासून त्याचे नाव 'पाद्री' पडले. मोबाइलवरच्या ग्रुपमधून त्याला काढून टाकण्यात आले, त्याच्या जागेवर बाकावर खडूने क्रूस काढला गेला. तो खडू मी आणून दिला होता.

मित्रहो, त्या मुलाने भांडण केले नाही, की सरांकडे तक्रार नेली नाही. रुमालाने बाक पुसला आणि बसला. पुढचे दोन महिने डबा एकट्याने खाल्ला. पुढच्या रविवारी तो मैदानावर येईल अशी आमची खात्री होती. पण तो आला नाही.

हे आज आठवायचे कारण वेगळे आहे. आमचे घर वारकऱ्याचे. माझ्या वडिलांनी शाळेचे तोंड पाहिले नाही, पण हरिपाठ त्यांना तोंडपाठ. दहावी झाल्यावर त्यांनी माझ्या गळ्यात तुळशीची माळ घातली. कॉलेजात आलो, खोलीवरची मुले हसली, "बुवा आले, बुवा आले" झाले आणि आठवड्याच्या आत माळ गळ्यातून खिशात गेली. सुट्टीत गावी जाताना चारठाण्याचा फाटा जवळ आला की मी ती पुन्हा घालीत असे. एकदा विसरलो. वडील म्हणाले, "माळ कुठंय रे?" मी म्हणालो, "तुटली." त्यांनी जेवण होण्याच्या आत दुसरी ओवून दिली. त्या रात्री मला तो बाक पुसणारा मुलगा आठवला. त्याने जे दोन महिने सोसले ते मला सात दिवससुद्धा जमले नव्हते.

इतिहासाच्या तासाला सरांनी एकोणिसाव्या शतकातील काही प्रकरणे सांगितली, तेव्हा मी कान देऊन ऐकले. १८३९ साली मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत धनजीभाई नवरोजी हा पारशी विद्यार्थी शिकत होता. वय सोळा-सतरा. त्याने बाप्तिस्मा घ्यायचे ठरवले आणि सारा समाज उसळला. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेले. मुलाला स्वतःचे बरेवाईट कळते असे मानून कोर्टाने त्याला हवे तेथे जाण्याची मुभा दिली. पालकांनी आपापली मुले शाळेतून भराभर काढून घेतली. काल ज्यांच्या शेजारी बसत होता ती मुले आज नाहीत, हे त्या पोराला कसे वाटले असेल, याचा मी पुष्कळ विचार केला.

चारच वर्षांनी, १८४३ साली, नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. हेच नारायण शेषाद्री पुढे आमच्या मराठवाड्यात जालन्याला आले आणि त्यांनी जवळच बेथेल नावाचे गाव वसवले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत जेमतेम बारा वर्षांचा. त्यालाही भावाच्या वाटेने जायचे होते, पण कोर्टाने त्याला वडिलांच्या स्वाधीन केले. मला दोन्ही निकाल पटतात. बाराव्या वर्षी पोर ज्याच्यावर माया करते त्याच्यामागे जाते. सोळा-सतराव्या वर्षी ते एकटे उभे राहू शकते, आणि ज्याला एकटे उभे राहता येते त्याच्याच निवडीला निवड म्हणावे. श्रीपतला जातीत परत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकर पुढे आले, तर सनातनी मंडळी त्यांच्यावरच तुटून पडली. म्हणजे धर्म सोडणारा घोळक्याला नको आणि परत येणाऱ्याचा हात धरणाराही नको.

याच्या उलट चित्र परमहंस सभेचे. १८४९ च्या सुमारास निघालेल्या या सभेतील शिकलेल्या मंडळींना जातिभेद मान्य नव्हता. परक्या जातीच्या हातचा पाव ते खात, पण गुपचूप. आपली माणसे पुरेशी झाली की उघड सांगू, असा बेत होता. १८६० मध्ये सभासदांची नावे बाहेर फुटली आणि सभाच मोडली. याच सभेत वावरलेले बाबा पदमनजी मात्र १८५४ साली उघडपणे ख्रिस्ती झाले. सभेतील मंडळींना मी हसणार नाही. माझी माळ खिशातच होती.

कोणी म्हणेल, धर्मांतराची ही भलावण कशाला? भलावण मी करीत नाही. त्या वेळी राज्य इंग्रजांचे होते आणि मिशनऱ्यांच्या पाठीशी त्यांचे वजन होते, हे विसरून चालणार नाही. घरच्यांचे अश्रूही खोटे नव्हते. शिवाय माझ्या बाकावरच्या मुलाने धर्म बदललेला नव्हताच, तो त्याच घरात जन्मला होता. त्याला फक्त रविवारची सकाळ हवी होती. घटनेच्या २५ व्या कलमाने धर्मपालनाचा हक्क त्यालाही दिला आहे आणि मलाही. पण कलम आमच्या ग्रुपवर येऊन बसत नाही. तेथे चार पोरे काय म्हणतील हाच कायदा असतो. आम्ही खेड्यांतून प्रथमच कॉलेजात आलेली मुले तर या कायद्याला फारच भितो. आधीच बोली गावंढळ, त्यात गळ्यात माळ किंवा रविवारी प्रार्थना! घोळक्याने आपल्याला आपले म्हणावे म्हणून आम्ही प्रथम घरच टाकून देतो.

आमच्या जिमखान्याला एक सुचवावेसे वाटते. गॅदरिंगचे सामने रविवारी सकाळी, शुक्रवारी नमाजाच्या वेळी किंवा एकादशीला ठेवताना आधी संघातील मुलांना विचारावे. विचारायला खर्च येत नाही.

तो मुलगा आता दुसऱ्या गावी आय.टी.आय. करतो. खडूची गोष्ट मी त्याला अजून सांगितलेली नाही. हा अंक छापून आला की एक प्रत त्याला नेऊन देणार आहे.