सूर्य सगळ्यांचा, गच्ची कुणाची?

गुडघेदुखीमुळे बरेच दिवस लिहिलं नव्हतं. आज मात्र राहवत नाही, कारण भाच्याने फोनवर डोकं खाल्लं. त्याचा पुण्यात बंगला. गच्चीवर ३ किलोवॅटचे सोलर पॅनल बसवले, ७८ हजार अनुदान मिळालं, बिल जवळजवळ शून्य. "मावशी, तू का नाही बसवत?"

अरे बाबा, कुठे बसवू? डोक्यावर?

खोताच्या वाडीला लागून असलेल्या चाळीत मी ५० वर्षं राहते. पागडीची खोली. बेस्टचं मीटर माझ्या नावावर, छप्पर घरमालकाचं, तेही कौलारू. वासे कौलांचंच ओझं कसंबसं पेलतात. शेजारी टॉवर... दुपारी ३ नंतर ऊन शोधावं लागतं. २०२४ च्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत घर स्वतःचं हवं आणि वर पॅनलजोगं छप्पर हवं. सोसायट्यांना सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८ हजार आहेत, म्हणजे टॉवरची लिफ्ट उन्हावर चालेल. आणि भाडेकरूंनी? कर तर आम्हीही भरतो.

यावर ठरलेलं उत्तर, "पुनर्विकास होऊ द्या, मग बघू." मला हे मुळीच पटत नाही. ग्रिडला जोडलेल्या सोलरची वीज रस्त्याखालच्या केबलमध्ये मिसळते. कोणी किती दिली, किती घेतली, हा नुसता मीटरचा हिशेब. मग पॅनल एका छपरावर आणि युनिटं वीस बिऱ्हाडांच्या बिलांत वळती का करू नयेत? दिल्लीच्या वीज नियामक आयोगाने २०१९ मध्येच याचे नियम केले. व्हर्च्युअल नेट मीटरिंग म्हणतात त्याला. नाव अवघड, गणित पाचवीतलं.

छप्परही आहे. मी जिथे शिकवलं त्या शाळेची गच्ची सपाट, मोकळी, कबुतरांशिवाय कोणी जात नाही. १ किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट लागतात, दिवसाला सरासरी ४ युनिटं मिळतात. मे महिन्यात शाळा बंद, ऊन कडक, आणि चाळीतले पंखे रात्रंदिवस गरगरत असतात!

गेल्या महिन्यात हे सगळं फुलस्केपवर मांडून शाळेत गेले. ऑफिसातल्या मुलाने (माझाच विद्यार्थी, गणितात कच्चा) नीट वाचलं आणि म्हणाला, "बाई, गच्चीची किल्ली कुणाकडे असते ते आधी बघावं लागेल."

सोमवारी पुन्हा जाणार आहे.